किशनरावांनी लावलेली बाग

परभणीच्या कृषी विद्यापीठात बत्तीस वर्षं माळीकाम करून किशनराव माळसावंगीला परत आले, तेव्हा गावाला त्यांची फारशी ओळख राहिली नव्हती. बोरी गावाच्या पुढं डांबरी सडक सोडून चार किलोमीटर आत गेलं की हे गाव लागतं. नोकरीत असताना महिन्यातून एकदा-दोनदा ते येत, बायकोच्या हातची भाकरी खात आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत जात. दोन पोरी अशाच सुट्ट्यांसुट्ट्यांत मोठ्या झाल्या आणि नांदायला गेल्या. आता साठी उलटल्यावर नवरा कायमचा घरी आला, तर कडूबाईला त्याच्याशी रोज काय बोलावं तेच सुचेना.

किशनराव कामाला वाघ, पण काम एकाच तऱ्हेचं. हिरवळ कापायची, मेंदीचं कुंपण सुतळी धरून छाटायचं, वाफ्याच्या विटांना गेरू-चुना लावायचा, पानावर अळी दिसली की फवारा मारायचा. हिरवळीत हरळीशिवाय दुसरं पातं दिसलं की त्यांचा हात आपोआप खाली जायचा. "किशनची हिरवळ म्हणजे सतरंजी अंथरल्यागत," असं एक साहेब कधीतरी बोलून गेले होते. ते वाक्य कडूबाईनं वीसेक वेळा तरी ऐकलं असेल. गावात मात्र कुणाच्या दारात हिरवळ नव्हती. गड्याचे हात नुसतेच मांडीवर पडून राहायचे.

कडूबाई शाळेत खिचडी शिजवायची. तिनंच एक दिवस येऊन सांगितलं, "मॅडम बोलवायल्यात तुमाला. बागेचं काहीतरी काम हाय."

शाळा म्हणजे तीन खोल्या, झेंड्याचा ओटा, एक हातपंप आणि त्यापुढं एकरभर काळं मैदान. उन्हाळ्यात त्या भुईला अशा भेगा पडत की पोरांच्या गोट्या आत गडप होत. सावलीला एक कडुलिंब, तोही कुंपणाच्या पार कोपऱ्यात. सत्यशीला वाव्हळ या तिथल्या मोठ्या मॅडम. माहेर पूर्णेचं, वडील रेल्वेत. बोरीला खोली करून राहत आणि स्कूटीवर ये-जा करत. बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की सोडायच्या नाहीत.

त्यांनी किशनरावांपुढं पोरांच्या चित्रांचा गठ्ठा ठेवला. "मामा, मी पोरांना म्हणलं, शाळेत दिसलेलं एक पाखरू काढा. बघा काय काढलंय."

किशनरावांनी एकेक कागद उलटला. मोर, मोर, पोपट, पुन्हा मोर. सगळे पुस्तकातले.

"यातला एक तरी मोर आपल्या मैदानात येतो का?" मॅडम म्हणाल्या. "पोरांनी खोटं काढलं नाही हो. त्यांना इथं काही दिसतच नाही. मला अशी बाग पाहिजे की पाखरं, फुलपाखरं, खारी, सगळे शाळेत राहायला आले पाहिजेत."

किशनराव खूश झाले. दोन दिवसांत नकाशा काढून घेऊन गेले. मधोमध गोल वाफा, कडेला तिरप्या विटा, चारी बाजूंनी रंगीत क्रोटन, भिंतीलगत अशोकाची रांग. मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "छान आहे मामा. पण ही माणसांनी बघायची बाग झाली. अशोकावर कुणी घरटं करतं का? क्रोटनवर कोण बसतं?"

किशनरावांना राग आला. बत्तीस वर्षांत त्यांना असा सवाल कुणी केला नव्हता. घरी येऊन ते कडूबाईला म्हणाले, "शिकलेली बाई हाय, पर बागेतलं काय कळत न्हाई."

पण सवाल डोक्यातून जाईना. अशोकावर कोण बसतं? त्यांनी आठवून पाहिलं आणि त्यांना एकही पाखरू आठवलं नाही. इतकी वर्षं त्या झाडांखाली काढली, मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते उगाच ओढ्याकडं गेले. लहानपणी ते तिथं शेरडं राखायचे. बोरीच्या जाळीत होले बसायचे, रुईवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या असायच्या, पाण्याकाठच्या चिखलावर फुलपाखरांचा थवा उतरायचा. सगळं अजून तिथंच होतं. बांधावर, गचपणात, जिथं कुणी खुरपं लावलं नाही तिथं. आठ दिवस ते रोज सकाळी ओढ्यावर जाऊन बसले. कडूबाईला वाटलं, माणूस बिघडला.

नवव्या दिवशी ते मैदानात आखणीची पांढरी फक्की घेऊन उतरले. या वेळी हातात सुतळी नव्हती. पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांनी वाकडीतिकडी रेघ मारायला सुरुवात केली. पोरं खिडकीतून बघत होती. भिंतीलगत कवठ, हिवर आणि उंबर, म्हणजे उंच झाडं. त्यांच्या पुढं बोर, सीताफळ, कढीपत्ता, लिंबू. त्याच्या पुढं तरवड, रुई, अडुळसा. आणि सगळ्यात पुढं पवन्या गवताचा पट्टा, जो कापायचा नाही. खिचडीनंतर पोरं हात-ताटं धुतात ते पाणी वाया जात होतं, ते चारीनं आणून एका उथळ खड्ड्यात सोडायचं. एका कडेला दगडांचा आणि वाळल्या लाकडांचा ढीग. पायवाट मधून, पण वळण घेऊन, म्हणजे पोरगं वळणावर आलं की समोरचं पाखरू बिचकायच्या आत दिसावं.

"दगडांचा ढीग कशाला?" मॅडमनी विचारलं.

"सरडे, बेडकं, कुंभारणीच्या माश्या. घर पाहिजे ना त्यांना. ओढ्याला बगितलं मी."

मॅडम हसल्या. "मामा, आता एकच सांगते. फवारा नाही मारायचा. पालाबी उचलायचा नाही."

"पाला न्हाई उचलायचा?" किशनरावांना हे मात्र फार जड गेलं. पडलेला पाला बघून त्यांच्या हाताला अक्षरशः खाज सुटायची. पहिले सहा महिने ते बागेत जाताना हात पाठीमागं बांधून जायचे.

झाडं आली ती ओढ्यावरून, बांधावरून. पोरांनी बोराच्या बिया फोडून आणल्या. पहिला उन्हाळा कठीण गेला. शाळेला सुट्टी, हातपंपाला दम नाही. किशनराव घरून दोन-दोन घागरी खांद्यावर नेत, दुखरा डावा गुडघा ओढत. निम्मी रोपं जळाली. जी राहिली ती मात्र पुढच्या पावसाळ्यात अशी फोफावली की शाळेची भिंत दिसेना.

त्या पावसाळ्यात लिंबाच्या कोवळ्या पानांवर अळ्या पडल्या. काळ्या, पाखराच्या विष्ठेसारख्या. किशनरावांचा अंगठा आणि तर्जनी आपोआप जुळली. बत्तीस वर्षांची सवय ती. तेवढ्यात बाजूला कुणीतरी म्हणालं, "आबा, नका मारू. मी मोजून ठेवल्यात."

तिसरीतली वैष्णवी होती. बालाजी आणि राजेश्रीची थोरली पोरगी. त्यांचं घर शाळेच्या भिंतीला लागूनच, बागेच्या पाठीमागं. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. तिच्या वहीत तारीख घालून लिहिलेलं होतं, लिंबू, अळ्या सात.

"मोजून काय करायलीस?" किशनरावांनी विचारलं.

"कमी झाल्या तर कळंल ना, कुणी नेल्या ते."

त्या दिवसापासून ती दोघं बागेचे राखणदार झाली. ती शाळेच्या आधी येऊन मोजायची आणि किशनराव तिला नावं सांगायचे. ओढ्याकाठची, बापानं शिकवलेली, पन्नास वर्षांत ज्यांचा उच्चार केला नव्हता अशी नावं. काही नावं त्यांना यायचीच नाहीत, मग मॅडम पुस्तकात बघायच्या. वर्षभरात वहीत एकतीस पाखरं झाली. गवताच्या बियांवर मुनियांचा थवा यायचा. बोराच्या झाडात बुलबुलानं घरटं केलं. पाण्याच्या खड्ड्यात पहिल्याच पावसाला बेडकं इतकी ओरडली की वर्गात शिकवणं ऐकू येईना. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि पोरांना म्हणाल्या, ऐका.

किशनराव त्या दिवसांत बदलले. जेवताना कडूबाईशी बोलू लागले. आज खारीनं काय केलं, तरवडावर कोण आलं. कडूबाईला पाखरांचं काही पडलेलं नव्हतं, पण नवरा बोलतोय म्हणून ती ताटावर बसून राहायची. एकदा ती म्हणाली, "तितं परभणीला असताना असं कदी सांगितलं न्हाई मला."

"तितं सांगण्यासारखं काय नव्हतं," किशनराव म्हणाले.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये शाळा समितीचे अध्यक्ष मुंजाजी मैदानात आले, तेव्हा पायवाटेवरून एक लांबलचक साप सावकाश दगडांकडं जात होता. मुंजाजी जागीच थबकले. किशनराव धावत आले.

"धामण हाय, मुंजाजी. इख न्हाई तिला. उंदरं खाती. खिचडीच्या तांदळाला उंदरं लागली होती, ती कमी झाली का न्हाई? इचारा कडूबाईला."

मुंजाजी काही वाईट माणूस नव्हते. बागेसाठी त्यांनीच स्वतःच्या ट्रॅक्टरनं शेणखत टाकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "आज धामण आली. उद्या दुसरं ईल. लेकरांची शाळा हाय ही. जिम्मेदारी कुणाची?"

"माझी," किशनराव म्हणाले.

श्रावणात मॅडम दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला परभणीला गेल्या. त्याच आठवड्यात किशनराव दगडांचा ढीग नीट रचत होते. एक चपटा दगड उचलला तर खाली कात होती. बोटाएवढी जाड, पूर्ण, न तुटलेली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची एक सरळ ओळ होती. धामणीला अशी ओळ नसते. शेरडं राखणाऱ्या पोराला बापानं जे पहिलं शिकवलेलं असतं, त्यातलंच हे एक होतं. ही मण्यारीची कात होती.

किशनराव तिथंच खाली बसले. कात ताजी नव्हती, पिवळट पडून कडक झाली होती. महिन्याची असेल, दोन महिन्यांची असेल. साप येऊन कधीच निघून गेला असेल. त्यांनी काठी घेऊन एकूण एक दगड हलवला. लाकडं उपसली. तीन दिवस दुपारी पोरं वर्गात असताना हेच केलं. काही निघालं नाही.

मुंजाजींना सांगितलं तर ते त्याच दिवशी जेसीबी बोलावतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मॅडम आल्या की मॅडमना सांगू, असं त्यांनी ठरवलं. कात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घालून नेली आणि खिचडीच्या चुलीत टाकली. कडूबाईनं विचारलं, "काय टाकलं?"

"पाला," ते म्हणाले.

मॅडम आल्या. त्या दिवशी पोरांनी बागेत त्यांना नवं घरटं दाखवलं, शिंपी पाखरानं अडुळशाची दोन पानं शिवून केलेलं. मॅडमचा चेहरा इतका उजळला होता की किशनरावांनी म्हटलं, उद्या सांगू. उद्याही राहिलं. मग त्यांना स्वतःलाच वाटू लागलं की ती कात धामणीच्या पिल्लाचीच असावी. म्हातारपणी डोळ्याला नीट दिसत नाही. असं ते स्वतःला रोज सांगत, आणि रोज सकाळी वैष्णवी यायच्या आधी जाऊन काठीनं दगड वाजवून येत.

मॅडम येऊन बारा दिवस झाले असतील. रविवार होता. कडूबाई पाण्याला गेली आणि रिकामी घागर घेऊनच परत आली.

"बालाजीची वैष्णवी गेली," ती म्हणाली.

रात्री पोरीच्या पोटात दुखायला लागलं होतं. खाली अंथरुणावर झोपली होती. राजेश्रीनं ओवा दिला, पोट शेकलं. कुठं चावल्याची खूण नाही, सूज नाही. मग पोरीला गिळता येईना, पापण्या उघडेनात. जीप करून बोरीला नेलं, तिथून परभणीला निघाले, वाटेतच संपलं. परत आल्यावर बालाजीच्या भावानं धान्याची कोठी सरकवली तर मागं मण्यार होती. त्यानं ती काठीनं ठेचली आणि रस्त्यावर आणून टाकली.

किशनराव पोरीच्या मातीला गेले. मुंजाजी त्यांच्या शेजारीच उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "किशनराव, मी काय म्हणलो होतो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

गावात दोन्ही तऱ्हेचं बोलणं होतं. कुणी म्हणायचं, शाळेत जंगल केलं, बेडकं पाळली, मग साप येणारच. कुणी म्हणायचं, बालाजीच्या घरामागं तर पाच वर्षांपासून कडब्याची गंजी हाय, पलीकडं ज्वारीचं रान हाय, साप काय शाळेचा दाखला घिऊन येतो का? पावसाळ्यात मण्यार घरात निघणं या भागाला नवीन नव्हतं. मागं दोन वर्षांखाली खालच्या आळीत एक गडी असाच गेला होता, तेव्हा बाग अंगठ्याएवढी होती. हे सगळं खरं होतं. पण ती कात फक्त किशनरावांनी पाहिली होती.

तेरावा झाल्यावर ते राजेश्रीकडं गेले. जाताना त्यांनी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. राजेश्री उंबऱ्यात बसली होती. मांडीवर धाकटी पोरगी झोपलेली. तिनं किशनरावांना पाट दिला.

"मामा," तीच आधी बोलली, "एक इचारू? खरं सांगताव?"

"इचार."

"बागेत तुमाला कदी मण्यार दिसली होती का?"

तिनं दिसली का असं विचारलं होतं. दिसली नव्हती. "न्हाई," ते म्हणाले. "धामण दिसली होती. मण्यार न्हाई दिसली."

राजेश्रीनं मान हलवली. "मी बी तेच म्हणायले ह्यांना. हे म्हणतेत बागेतूनच आली. मी म्हणलं, मामा रोज तितं असतेत, त्यांनी सांगितलं नसतं का?" तिनं मांडीवरच्या पोरीचं पांघरूण सारखं केलं. "तिचा जीव होता मामा त्या बागेत. तिची वही हाय घरात. मला वाचता येत न्हाई सगळं. सकाळी येरवाळी येऊन एकदा वाचून दाखवताव का?"

किशनराव हो म्हणाले आणि उठले. अंगणातून बाहेर पडेपर्यंत त्यांना वाटत होतं की मागं फिरावं. रस्त्यावर आल्यावर ते वाटणंही संपलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दिवस उगवायला ते कोयता, कुदळ आणि टोपलं घेऊन शाळेत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. बागेचं काय करायचं यासाठी मुंजाजींनी बोलावलेली बैठक अजून व्हायची होती. त्यांनी आधी दगडांचा ढीग उपसला. खाली चार बेडकं, दोन विंचू, सरड्याची अंडी निघाली. साप नाही. मग लाकडं. मग तरवड, रुई, अडुळसा मुळासकट काढले. खड्डा मातीनं भरला. बोरीला कोयता घालताना काटे हातात मोडले, ते त्यांनी काढले नाहीत. कवठ आणि उंबर हाताएवढे जाड झाले होते, ते पडायला दुपार झाली. एकूण एक दगड, एकूण एक मूळ त्यांनी हातानं उलटंपालटं केलं. साप निघाला असता तर त्यांच्या मनाला एक उत्तर मिळालं असतं. तो निघाला नाही, आणि त्यानं काहीच सिद्ध झालं नाही.

सोमवारी मॅडम शाळेत आल्या आणि स्कूटीवरून उतरल्याच नाहीत. तशाच बसून बघत राहिल्या. मैदान दोन वर्षांपूर्वीसारखं काळं झालं होतं. किशनराव ओट्यावर बसले होते.

"मला विचारायचं तरी होतं मामा," मॅडम म्हणाल्या. "मी बोलले असते समितीशी. साप बागेतूनच आला याला पुरावा काय?"

किशनरावांनी मग त्यांना कातीचं सांगितलं. कुठं सापडली, कशी होती, चुलीत कशी टाकली. कुणापुढं बोललेलं हे पहिलं आणि शेवटचं. मॅडम ऐकत राहिल्या. त्या रागावतील असं किशनरावांना वाटलं होतं. त्या स्कूटीवरून उतरून ओट्यावर त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"मला सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?" हे त्यांनी किशनरावांना विचारलं की स्वतःला, कळलं नाही. "दगड तेवढे काढा म्हणले असते. बाग ठेवली असती. पोरांच्या घरी कळवलं असतं का, मलाच माहीत नाही मामा."

शाळेची घंटा झाली. पोरं आली आणि मैदानाच्या मधोमध उभी राहिली. आज प्रार्थनेला कुणालाच रांगेत उभं करावं लागलं नाही. ती आपोआपच उभी राहिली होती, कारण आत शिरायला बागच उरली नव्हती.

दिवाळीनंतर मैदानात सिमेंटचे ठोकळे बसवले. गावानंच ठरवलं. मातीच नको, म्हणजे बिळं नकोत. उन्हाळ्यात ते ठोकळे इतके तापतात की पोरं मधल्या सुट्टीत वर्गातच बसतात. पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. नियमातली बदली, कुणी मागं लागून केलेली नव्हे. जाताना त्या किशनरावांच्या घरी येऊन चहा पिऊन गेल्या. बागेचा विषय कुणी काढला नाही.

वर्षभरानं त्यांचा फोन आला. त्या आता सोनपेठकडच्या एका शाळेत होत्या. तिथं मैदानाला लागून पडीक जागा होती, पोरं चांगली होती. पण खरं विचारायचं होतं ते त्यांना लगेच विचारता येईना. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "मामा, इथं काय लावू? तुम्ही सांगाल ते लावते. तुम्ही एकदा येऊन जाताव का?"

किशनराव फोन कानाला धरून उभे होते. काय लावावं ते त्यांना माहीत होतं. त्या क्षणी डोळ्यांपुढं सगळी बाग उभी होती, वळणाच्या वाटेसकट. आधी तरवड. तो पाण्याविना जगतो. मग बोर.

"झाडं लावा मॅडम," ते म्हणाले. "पाणी ठेवू नका. दगड ठेवू नका." मग म्हणाले, "पाण्याबिगर, दगडाबिगर कोण यायलंय तितं. मला न्हाई कळत. मला इचारू नका."

पलीकडून मॅडम काहीतरी म्हणाल्या, पण ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी फोन कडूबाईच्या हातात दिला.

राजेश्रीला वही वाचून दाखवायची राहिली ती राहिलीच. दोनदा तिनं आठवण करून दिली. एकदा त्यांनी चष्मा फुटल्याचं सांगितलं, एकदा ताप असल्याचं. नंतर तिनं विचारणं सोडलं. पण त्यांना मामा म्हणणं सोडलं नाही. वाटेत भेटली की थांबते, गुडघा कसा हाय विचारते, घरी शेंगा आल्या की धाकटीच्या हातात वाटीभर पाठवते. बालाजी बोलत नाही, मान फिरवून जातो. किशनरावांना त्याचं ते मान फिरवणं सोसतं. शेंगांची वाटी सोसत नाही.

यंदा जूनमध्ये धाकटीचं नाव शाळेत घातलं. पहिल्या दिवशी राजेश्री तिला घेऊन किशनरावांच्या दारात आली. पोरीच्या पाठीला नवं दप्तर होतं, ते तिच्यापेक्षा मोठं दिसत होतं.

"कडूमावशी तर असतीच शाळेत," राजेश्री म्हणाली. "पर तुमी बी मधल्या सुट्टीत जरा जाऊन बसत जा मामा. तिच्यावर नजर ठिवा. तुमी तितं असलाव तर मला घोर न्हाई."

किशनराव पोरीकडं बघत राहिले. कडूबाई आतून नवऱ्याकडं बघत होती. मग ते हो म्हणाले. काठी घेतली, आणि पोरीच्या मागोमाग शाळेच्या वाटेला लागले.